अव्वासाठी जागा

"आगं, एवढ्या गवऱ्या पुरायच्या न्हाईत," म्हणत सारजाकाकीनं डोक्यावरची पाटी आमच्या गोठ्यापुढं धाडकन उतरवली आणि मागनं आलेल्या तुळजाबाईवर डाफरली, "आन् ह्या कशा आणल्यास? निम्म्या वल्ल्या! नुसता धूर काढायचाय का काय?"

"तुझ्या लई वाळलेल्या!" तुळजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "चैताच्या उन्हात गवरी वल्ली ऱ्हाती व्हय? हात लावून बघ की जरा. घरात चुलीपुढं रचलेल्या उचलून आणल्या, आन् वर हिचंच ऐका!"

"बरं बरं, ठेव. भांडायची येळ हाय का ही?"

"भांडायला लागलं कोण?"

मी गोठ्याच्या दारात उभी होते. वाडीतल्या बाया एकामागं एक येत होत्या, पाट्या उपड्या करत होत्या, पदर डोळ्यांना लावत होत्या. मला वाटलं, किती चांगली ही माणसं! महिनाभर आमची चूल पेटेल एवढं जळण आणून टाकलं. खरंच, तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं. मी अकरा वर्षांची होते आणि पहाटे माझी अव्वा, माझी आई, गेली होती. डोकं कुठं ठिकाणावर असणार? मग बब्रुवानकाका खांद्यावर बाभळीचा ओंडका घेऊन आले. तो त्यांनी गवऱ्यांशेजारी टाकला आणि हात झाडत म्हणाले, "आजून एक आणतो. बाई अंगानं बारीक हाय. भागंल."

तेव्हा मला कळलं हे जळण कशासाठी आहे ते. मी दाराची चौकटच धरली.

आता मी वाडीजवळच्या वाशीच्या शाळेत सातवीत आहे आणि वर्गात सगळ्यात मोठ्यानं मीच वाचते. मास्तर म्हणतात, इरम्मा, जरा हळू, वेशीपर्यंत ऐकू जातंय. पण तेव्हा मला मराठी येऊन पंधरवडाच झाला होता. आमचं गाव भालकीच्या पलीकडं. राज्य निजामाचंच, पण घरात, शेतात, देवळात बोलणं कानडी. माझे अप्पा, शिवप्पा, तेलाचा घाणा चालवायचे. करडीचं तेल काढावं तर आमच्या अप्पांनीच, असं पंचक्रोशीत म्हणत. मग त्या वर्षी रझाकारांची धाड आली. घाणा पेटवला, करडीची पोती पेटवली. करडी जळताना तडतड फुटते. मी नि अव्वा ज्वारीच्या ताटांत पालथ्या पडून ते ऐकत होतो. बैल कुठं गेला ते कळलंच नाही.

गावातली वाचलेली माणसं बार्शीच्या वाटेला लागली. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं छावणी आहे, डाळ-भाकरी मिळते, आपल्या लोकांचा मठ आहे, असं सगळे म्हणत. रेल्वेच्या स्टेशनांवर पहारे होते म्हणून शिवारांतून चालायचं. ढोकीच्या अलीकडं अव्वाला ताप चढला. ह्या वाडीपर्यंत ती अप्पांच्या खांद्याला धरून आली आणि बब्रुवानकाकांच्या गोठ्यापाशी खालीच बसली. बाकीचे पुढं गेले. त्यांनी तरी काय करावं? त्यांच्याही पोरांच्या पायांना फोड आले होते.

काकांनी गोठ्याचा अर्धा भाग आम्हाला झाडून दिला, अर्ध्यात गाय नि वासरू. सारजाकाकीला वाटायचं, मोठ्यानं बोललं की कानडी माणसाला मराठी कळतं. ती "भाऽऽकर!" असं माझ्या कानात ओरडायची. मी पण ओरडून "भाऽऽकर!" म्हणायची. मग दोघी हसायचो. राहिलेला सराव मी वासराशी करायची. ते बिचारं चुका काढत नसे. अप्पांना नि अव्वाला एक शब्द येत नव्हता. औषध मागायचं, पाणी कुठलं भरायचं विचारायचं, ताप किती आहे सांगायचं, सगळं माझ्याकडं. घराचं तोंड मीच होते. मला त्याचा काय तोरा होता सांगू! अव्वा पडल्या पडल्या म्हणायची, "माझी पोर दोन माणसांएवढं बोलते."

आणि आता त्या गवऱ्यांपुढं बोलायची वेळ आली होती.

"सारजाकाकी," मी म्हणाले, "आग नको."

"काय म्हणतीस बाळा?"

"आग नको! अव्वाला जाळायचं न्हाय!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तुळजाबाई हळूच म्हणाली, "लेकरू भेदरलंय. घ्या गं तिला पोटाशी."

सारजाकाकीनं मला ओढून जवळ घेतलं. मी तिच्या हातातून सुटले. "भेदरले न्हाय मी. आमच्यात जाळत न्हाईत. आमच्यात पुरत्यात. बसवून पुरत्यात. हातात गळ्यातलं लिंग देत्यात." मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि डावा तळहात छातीपाशी धरून दाखवला. "असं. खड्ड्यात. असं बसवायचं."

त्या वाडीत आमच्यातलं एकही घर नव्हतं. वाशीच्या बाजारातले लिंगायत वाणी त्यांनी बघितले होते, पण बाजारात कोणी मरत नाही. बब्रुवानकाका दुसरा ओंडका घेऊन येत होते, ते तसेच मधे थांबले. खांद्यावर ओंडका, आणि तो खाली कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना.

तोवर आण्णासाहेब पाटील आले. मोठा माणूस, पण स्वभावानं सावध. त्या दिवसांत सावध नसलेला पाटील कुठं होता म्हणा. त्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा आत अव्वाजवळ बसले होते. तिला त्यांनी भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूती लावली होती, मान पडू नये म्हणून ती फडक्यानं भिंतीतल्या खांबाला बांधली होती.

"तुझ्या बापाला विचार पोरी, त्याच्या मनात काय हाय?"

मी विचारलं. अप्पा कानडीत म्हणाले, गाडी द्या, मी हिला बार्शीला नेतो. तिथं आपली माणसं आहेत. मी ते मराठीत सांगितलं.

"येडा हाय का त्यो?" पाटील म्हणाले. "नाक्यावर पोलीस गाडी उलथीपालथी करत्यात. जित्या माणसाला सोडंनात, आन् ह्यो मयत घेऊन जाणार! आन् ह्या उन्हात? सांजपातुर..." ते माझ्याकडं बघून थांबले.

मी अप्पांना एवढंच सांगितलं की रस्ता बंद आहे.

"मग गायरानात करा," कोणीतरी म्हणालं.

"गायरानात नुसता खडक. वीतभर खणून वर माती लोटली की तरसं उकरत्यात."

मग कोणी म्हणालं नदीकाठ, कोणी म्हणालं मसणवाटेच्या कडंला. पण अप्पा दारात आले आणि म्हणाले, आमच्यात माणूस आपल्या शेताच्या मातीत बसवतात. माझी आई, माझा बाप, सगळे आमच्या पट्टीत आहेत. मी सांगितलं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं, की आमची पट्टी आता इथून कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे, आणि इथं आमच्या मालकीची मूठभर माती नाही. जळण अख्ख्या गावानं दिलं होतं. जमीन कोण देणार? गवऱ्या उद्या पुन्हा थापता येतात.

आणि तसंच झालं. बापे इकडंतिकडं बघायला लागले. एकानं पायातला काटा काढायला घेतला, काटा नव्हताच.

"माझ्या बांधाला करा," सारजाकाकी म्हणाली.

बब्रुवानकाकांनी ओंडका आता कुठं खाली टाकला. "कुठं?"

"लिंबाखाली. वरच्या बांधाला."

"आगं, पेरणीत औताला वळसा पडंल तिथं."

"पडू द्या की. लेकराला वळसा घालताच न्हवं?"

काकांनी मान डोलावली. मला तेव्हा माहीत नव्हतं. मग कळलं, त्या लिंबाखाली काकीचं पहिलं लेकरू होतं. त्यांच्यात दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात.

पाटील म्हणाले, "सारजे, बाई, इचार कर. आज खड्डा म्हणतीस. उद्या ह्यांची माणसं येतील, चौथरा बांधतील, दिवा लावतील. मग जागा कुणाची, असं हुईल."

"लावू द्या दिवा. माझ्या लेकराला कोण लावतंय?" काकी डोळे पुसत नव्हती, वाहू देत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुज्या माईला सांग... आता कुणाला सांगणार म्हणा. तुज्या बापाला सांग. माझं लेकरू एकलंच हाय तिथं. तिला म्हणावं, बघ त्याच्याकडं."

ते मी अप्पांना सांगितलं. अप्पांनी काकीपुढं हात जोडले आणि मग त्यांना जोडलेले हात सोडताच येईनात.

बब्रुवानकाका, बंडप्पा गुरव आणि आणखी दोघं लिंबाखाली खणायला लागले. वर काळी माती, चैतात भेगाळलेली, हात हात खोल भेगा. टिकाव मारला की ढेकूळ निघायचं आणि बाजूची भिंत ढासळायची. माणूस आडवा मावेल असा चर ह्यांना ठाऊक. बसेल असा चौकोनी खोल खड्डा कोणी कधी खणला नव्हता. पुन्हा खणायचे, पुन्हा ढासळायचं. ऊन डोक्यावर आलं. बंडप्पा म्हणाला, "मर्दांनो, ही हीर हाय का खड्डा?"

मी सारखी गोठ्यात जाऊन अव्वाला बघून येत होते. ऊन आता गोठ्याच्या दारातून आत सरकत होतं. पावलांपाशी आलं, मग गुडघ्यापाशी. मी घोंगडं धरून आडोसा करायची, मग कोणीतरी हाक मारायचं, "इरम्मा, बापाला इचार!" की पुन्हा धावायची.

तेवढ्यात मौला पिंजारी आले. खांद्यावर टिकाव, हातात आखूड दांड्याचं खोरं. वाडीत मुसलमानांची तीन घरं, त्यातलं एक मौलाचाचांचं. गावोगाव हिंडून गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचा हा त्यांचा धंदा. पण त्या वर्षभरात ते फारसे बाहेर पडत नसत. तालुक्याचे रझाकार त्यांना बोलावून गेले होते, पण चाचा गेले नव्हते. तरी गावातली माणसं त्यांच्याशी जरा तोडूनच बोलायची. खड्ड्यापाशी येऊन त्यांनी आत डोकावलं.

"बब्रुवान, असं न्हाय जमायचं. काळी माती हाय ना, तिला उतार द्यावा लागतो. खाली मुरूम लागंल, तिथनं मग उभं खणायचं. आमच्या कबरी असल्याच मातीत हायेत. हटो जरा."

काका बाजूला झाले. चाचांनी खड्ड्यात पाय टाकला.

अप्पा लिंबाच्या बुंध्याशी बसले होते. दाढी बघून, टोपी बघून ते ताडकन उठले. त्यांच्या डोळ्यांत मला पुन्हा आमची करडीची पोती दिसली. ते एवढंच म्हणाले, "अवन कैय बेडा."

म्हणजे, त्याचा हात नको. आणि त्याच्यापुढं आणखी एक शब्द म्हणाले, तो मी लिहिणार नाही.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "काय म्हणत्यात गं?" बब्रुवानकाकांनी विचारलं. मौलाचाचांचा टिकाव वर उचललेला होता, तो क्षणभर तसाच हवेत राहिला.

घराचं तोंड मी होते. तिकडं गोठ्यात ऊन अव्वाच्या छातीपर्यंत आलं असेल. मी अप्पांकडं बघितलं नाही.

"अप्पा म्हणत्यात," मी म्हणाले, "तोंड उगवतीला पायजे. आन् एका भिंतीत कोनाडा करायचा. त्यात बसवायचं."

टिकाव खाली आला.

अप्पांना मराठी येत नव्हतं, पण मी काय केलं ते त्यांना कळलं. बाप आहे तो. त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि बांधापलीकडं तोंड करून उभे राहिले. लोकांना वाटलं दुःखानं. होतंच की दुःख.

मौलाचाचांनी घामानं अंगरखा भिजेपर्यंत खणलं. बंडप्पा माती वर ओढत होता. मुरूम लागला. कोनाडा करताना चाचा आत गुडघ्यावर बसले, हातानं भिंत चोपून सारखी केली, डोक्याला खडा टोचू नये म्हणून एकेक खडा उकरून काढला. मग स्वतः त्या कोनाड्यात मांडी घालून बसून बघितलं. मला वरून विचारलं, "तेरी मां एवढीच उंच होती ना बेटा?"

"थोडी बुटकी," मी म्हणाले.

"मग ठीक. ऐसपैस बसंल."

अव्वाला खुर्चीसारखं हातांवर उचलून आणलं. बंडप्पानं महादेवाच्या देवळातून बेलाचा पाला आणला होता. अप्पा खड्ड्यात उतरले, आणि आत आधीच मौलाचाचा होते. वरून खाली दिलेलं माणूस एकट्याला झेलता येत नाही. एका बाजूनं अप्पांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं चाचांनी. अव्वाला कोनाड्यात बसवलं. अप्पांनी तिच्या डाव्या तळहातात लिंग ठेवलं, बोटं मिटवली. बोटं उघडायची, अप्पा मिटवायचे. शेवटी लुगड्याच्या काठानं बांधली.

सगळं झालं. अप्पा वर येईनात. मूठभर माती घेऊन बसून राहिले, टाकेनात. वरून पाटील म्हणाले, "पोरी, बापाला सांग, आता टाक म्हणावं." मी तोंड उघडलं, आणि त्या दिवसभरात पहिल्यांदा मला कानडी पण येईना. आपल्या अव्वावर माती टाका, हे कोणत्या भाषेत सांगतात?

तेव्हा खड्ड्यातून आवाज आला.

"मण्ण हाक्री, अण्णा."

माती टाका, भाऊ. कानडी! उच्चार पिंजाऱ्याचा, पण बोली आमचीच, भालकीच्या बाजारातली. मौलाचाचा अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा म्हणाले, "हाक्री. बिसलु बाळ ऐती." ऊन फार झालंय.

अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. म्हणजे ह्यांना सगळं कळलं होतं. हात नको, हे पण. मी न लिहिलेला शब्द पण.

अप्पांच्या मुठीतली माती सुटली. मग ते असे रडले, की बांधावरच्या बाया गप्प झाल्या.

वाडीकडं परत येताना मी मुद्दाम मागं राहिले, चाचांच्या बरोबरीनं चालायला लागले. मग विचारलं, "चाचा, तुम्हाला कानडी कुठनं येतं?"

"पिंजण घेऊन बीदरपातुर फिरलोय बेटा. जवानीत."

"मग अप्पा म्हणाले ते..."

"मुलूख नवा असला ना, की माणसाला पयल्यांदा शिव्या कळत्यात. बोलणं मागनं." ते हसल्यासारखं करत होते, पण हसू धड येत नव्हतं.

"मग खणलं कशाला?"

चाचांनी टिकाव ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "तुझी माय उन्हात बसली होती ना."

एवढंच बोलले आणि आपल्या घराच्या बोळात वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी तोंड धुतलं, कपाळाला विभूती लावली आणि मला म्हणाले, चल, त्याच्या घरी. मी वाटेनं वाक्यं जुळवत होते. 'अप्पा म्हणतात चुकलं' असं म्हणावं, की 'अप्पांना राग नाही' म्हणावं, की आधी पाणी मागावं? चाचा अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसून पिंजणाची तात, तिची दोरी, ताणत होते. आम्हाला बघून उठले. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि घसा खाकरला.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुम्निरु," म्हणाले. गप राहा.

आणि ते स्वतःच चाचांपुढं जमिनीवर बसले आणि बोलायला लागले. कानडीत. चाचा त्यांच्या मोडक्यातोडक्या कानडीत उत्तरं देत होते. बाईला बाप्या करत होते, कालचं उद्यावर ढकलत होते. एरवी मी हसून लोळले असते. घाणा केवढा होता, विचारलं. बैलाचं नाव काय होतं, विचारलं. अप्पांनी सांगितलं. बार्शीला कधी निघणार, विचारलं. अप्पा मान वळवून लिंबाच्या दिशेला बघत राहिले. मग त्यांनी अव्वाचं नाव सांगितलं, रुद्रम्मा, आणि चाचांनी ते नाव नीट, सावकाश, आमच्यासारखं म्हणून बघितलं.

मी मधे उभी होते आणि मला काही कामच नव्हतं. कोणी विचारत नव्हतं, काय म्हणतात गं. कोणी म्हणत नव्हतं, बापाला सांग. पहाटे अव्वा गेल्यापासून मी सारखी बोलत होते, ह्याचं त्याला, त्याचं ह्याला; माझं स्वतःचं काही बोलायला सवडच झाली नव्हती. मी त्या कापसाच्या ढिगात तोंड घातलं आणि पाळण्यातल्या पोरासारखं भोकाड पसरलं.

आतून मौलाचाचांची बायको धावत आली. बोळातून कोणीतरी सारजाकाकीला हाक मारली, ती पण पळत आली, हात पिठाचे तसेच. मी काय म्हणतेय, हे कोणाला विचारावं लागलं नाही.